घाटातल्या डेपोला सपाटीचं माप कशाला?

एसटी डेपोंची नुसत्या डिझेल अ‍ॅव्हरेजवर रँकिंग काढली तर पेठचं काय होणार हे सांगायला गणित लागत नाही. नाशिकहून पेठला जाताना सावळघाट, कोटंबी घाट, त्यात पावसाळ्यात तिकडे नुसता धो धो, आणि लासलगाव-येवल्याच्या गाड्या मात्र बऱ्यापैकी सपाटीवर पळतात. आता यात पेठच्या मॅनेजरने काय करायचं?

यासाठी एक मस्त पद्धत आहे, डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस, १९७८ मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी मांडलेली. गाड्या, ड्रायव्हर-कंडक्टर, डिझेल एका बाजूला, किलोमीटर आणि प्रवासी दुसऱ्या बाजूला, आणि कमी खर्चात जास्त काम काढणारे डेपो हीच सगळ्यांची सीमारेषा, म्हणजे १०० टक्के. एखाद्याला ८० टक्के मिळाले तर हिशोब सांगतो की सगळं २० टक्के कमी वापरूनही तेवढंच काम निघालं असतं.

पण यात घाटही मोजायचा म्हटलं तर घाट २० टक्के कमी कसा करणार? १९८६ मध्ये बँकर आणि मोरी यांनी हेच दुरुस्त केलं. त्यांचं उदाहरण फास्टफूडच्या हॉटेलांचं होतं, दुकान किती जुनं, शहरात की गावाकडे, हे मॅनेजरच्या हातात नाही, म्हणून ते आकडे आहेत तसे धरायचे आणि कपात फक्त हातातल्या गोष्टींतच मागायची. तरी एक गोची राहते, तुलनेला अनेक डेपो मिसळून एक काल्पनिक डेपो बनतो आणि त्या मिश्रणात सपाटीवालेही घुसतात. रुजिएरो यांनी १९९६ मध्ये कडक नियम सुचवला, ज्याची परिस्थिती तुमच्यापेक्षा सोपी त्याच्याशी तुमची तुलनाच नको.

ऐकायला एकदम न्याय्य, पण मग सगळ्यात अवघड घाटवाल्याला जोडीदारच उरत नाही आणि तो आपोआप १०० टक्के! दहा-पंधरा डेपोंत घाट, पाऊस, विरळ वस्ती अशी एकेक सवलत घालत गेलात तर बघता बघता सगळेच पहिले येतात.

माझ्या मते खरं भांडण गणिताचं नाहीच, हातात काय आणि हाताबाहेर काय हे कोण ठरवणार त्याचं आहे. जुनाट गाड्या घ्या, डेपो मॅनेजर नवीन गाडी विकत आणू शकत नाही, म्हणून त्याच्या मार्कांत गाडीचं वय घाटासारखंच स्थिर धरा, पण गाड्या वाटणाऱ्या वरच्या ऑफिसचे मार्क काढताना तेच वय त्यांच्या हातातलं म्हणून मोजा.