बोटांभोवतीचं तेज आणि पुठ्ठ्याचा पडदा

‘आधी वाच, मग बोलू’ असं बजावून हातात ठेवली जाणारी काही पुस्तकं असतात. जेम्स रेडफिल्ड या अमेरिकन लेखकाची ‘द सेलेस्टाइन प्रॉफेसी’ ही कादंबरी त्यातलीच. १९९३ मध्ये त्यांनी ती पदरचे पैसे घालून छापली, पुढच्या वर्षी वॉर्नर बुक्स या बड्या प्रकाशनाने उचलली आणि मग लाखो प्रती खपल्या. पेरूमध्ये इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमाराचं एक हस्तलिखित सापडतं, त्यात मानवजातीसाठी नऊ साक्षात्कार असतात, सरकार आणि चर्च ते दडपायला निघतात आणि नायक एकेक साक्षात्कार मिळवत डोंगरदऱ्या तुडवतो, असं कथानक.

कादंबरी म्हणून ती बेताचीच. पात्रं भेटतात, प्रवचन देतात, पुढचा पत्ता सांगतात आणि वाटेला लागतात. पण ‘अहो, गोष्टच ती, तिला कशाला विज्ञानाची फूटपट्टी?’ असं म्हणून सोडूनही देता येत नाही. कारण हे पुस्तक वाचकाला नुसतं ‘मान’ म्हणत नाही, ‘करून बघ’ म्हणतं. मग बघूच.

नायकाला ऊर्जा बघायला शिकवतात ते साधारण असं. निळं आकाश मागे येईल अशी दोन्ही तर्जन्यांची टोकं समोरासमोर धरायची आणि नजर बोटांवर न रोखता सैल सोडायची. थोड्या वेळाने टोकांभोवती धूसर कड दिसू लागते, मधल्या फटीत काहीतरी ताणल्यासारखं वाटतं. ही म्हणे विश्वाची ऊर्जा. करून पाहिलंत तर तुम्हालाही दिसेल. ‘छे, काही नाही दिसत’ म्हणणारा संशयखोर माणूस इथेच हरतो, कारण समोरच्याने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

दिसतं ते असं. नजर लांबवर असताना जवळच्या बोटाची कड दृष्टिपटलावर रेखीव उमटत नाही, हळूहळू फिकट होत जाणारी पट्टी उमटते. दोन बोटं जवळ आली की दोन पट्ट्या एकमेकींवर चढतात आणि बोटं टेकण्याआधीच मध्ये काळपट पूल तयार होतो. उजळ वलयाचं कारण वेगळं. ज्या पेशींवर आकाशाचा उजेड सतत पडत असतो त्यांची संवेदनशीलता उतरते, बोटाच्या आडोशाला असलेल्या पेशी मात्र ताज्या राहतात. नजर कितीही स्थिर ठेवली तरी डोळा किंचित हलतोच. त्या ताज्या पेशींवर आकाश आलं की तेवढी कड जास्त उजळ दिसते. शिवाय शेजारशेजारच्या पेशी एकमेकींचे संदेश दाबतात, त्यामुळे उजेड-अंधाराच्या सीमेवरचा फरक असतो त्याहून ठळक भासतो. हा भास अर्न्स्ट माखने एकोणिसाव्या शतकात वर्णन केला होता. त्यामागची यंत्रणा केफर हार्टलाइन यांनी नालखेकड्याच्या डोळ्यात उलगडली आणि दृष्टीवरच्या या संशोधनासाठी १९६७ च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला.

बोटांमधल्या त्या पुलाने एकदा थेट खगोलशास्त्रज्ञांना गंडवलं होतं. ३ जून १७६९ रोजी कॅप्टन जेम्स कुक आणि त्याचे सहकारी ताहितीहून शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून त्याचं सरकत जाणं, बघत होते. शुक्राची काळी टिकली सूर्याच्या कडेला नेमकी कधी टेकते याची वेळ हवी होती, तीवरून सूर्याचं अंतर काढायचं होतं. पण टिकली आणि कड यांच्यामध्ये काळा थेंब लोंबल्यासारखा दिसू लागला आणि एकाच ठिकाणी बसलेल्या निरीक्षकांच्या वेळा जुळेनात. ग्रहाभोवती धूसर छाया दिसल्याची नोंद कुकने केली आहे. पुढे बरीच वर्षं शुक्राच्या वातावरणावर संशय होता. १९९९ मध्ये बुधाच्या अधिक्रमणात अवकाशातल्या ‘ट्रेस’ दुर्बिणीलाही हा थेंब दिसला, आणि बुधाला तर वातावरण जवळजवळ नाहीच. दोष निघाला तो दुर्बिणीच्या प्रतिमेतल्या धूसरपणाचा आणि कडेकडे मंदावत जाणाऱ्या सूर्यप्रकाशाचा. शुक्रातून चैतन्य पाझरतंय असं सुदैवाने कोणी म्हटलं नाही.

आता बोटांऐवजी दोन पेन्सिली धरा. वलय दिसतं, पूलही दिसतो. यावर तयार उत्तर असतं: ‘पेन्सिलीतही ऊर्जा असतेच की!’ या उत्तराला उत्तर नाही, कारण आता ते काहीही झालं तरी खरंच ठरणार. त्यामुळे प्रश्नच बदलावा लागतो. हात कुठे आहे हे माहीत नसताना ऊर्जा कळते का?

हा प्रश्न नऊ वर्षांच्या एका मुलीने विचारला. अमेरिकेत ‘थेराप्युटिक टच’ नावाचा उपचार परिचारिकांमध्ये बराच पसरला होता. त्यात रुग्णाला हात न लावता काही इंचांवरून तळवे फिरवून ऊर्जाक्षेत्र ‘नीट’ करायचं असतं. आपल्याकडची रेकी आठवेल. एमिली रोझाने शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी पुठ्ठ्याचा पडदा उभा केला. उपचार करणाऱ्याने खालच्या भोकांतून दोन्ही हात पलीकडे घालायचे, तळवे वर. एमिली नाणं उडवून ठरवणार आणि त्यातल्या एका तळव्यावर आठ-दहा सेंटिमीटर अंतरावर आपला हात धरणार. डाव्यावर की उजव्यावर, एवढंच सांगायचं. २१ जण बसले, २८० वेळा प्रश्न झाला, बरोबर उत्तरं आली १२३, म्हणजे ४४ टक्के. नुसते अंदाज ठोकले असते तरी निम्मी बरोबर आली असती. १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात निबंध छापून आला तेव्हा एमिली अकरा वर्षांची होती. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात ज्योतिषाची चाचणी घेतली तिचा आकडाही असाच आहे. पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद मुलाची हे सांगायचं होतं, २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या होत्या आणि बरोबर निघाल्या सरासरी ४६ टक्के.

कादंबरीत माणसांनी ‘ऊर्जा दिली’ की झाडं जोमाने वाढतात, त्यावर फार वेळ घालवत नाही. या कल्पनेचा एक उगम १९६६ चा: क्लीव्ह बॅक्स्टर या खोटं पकडण्याच्या यंत्राच्या तज्ज्ञाने कुंडीतल्या ड्रेसिनाच्या पानाला तारा जोडल्या आणि झाडाला मनातलं कळतं असा दावा केला. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी काटेकोर प्रयोग केले, १९७५ मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष दिला, हाती काही लागलं नाही. वनस्पतींमध्ये विद्युत प्रतिसाद असतात हे जगदीशचंद्र बोस यांनी कितीतरी आधी उपकरणं बनवून दाखवलं होतं. त्यासाठी लाजाळू झाडाला कोणाचं मन वाचावं लागलं नाही.

पहिलाच साक्षात्कार योगायोगांचा आहे: ते अर्थपूर्ण असतात, त्यांचा माग काढा. नायकाच्या बाबतीत हे सोळा आणे खरं आहे, त्याला भेटणारा प्रत्येक माणूस लेखकाने मुद्दाम पाठवलेला असतो. तुमच्या-आमच्यासाठी हिशेब वेगळा. खोलीत २३ जण असले की कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त होते. केंब्रिजचे गणिती लिटलवुड यांच्या नावावर एक गमतीचा नियम सांगतात. दिवसातले आठ तास आपण सजग असतो आणि सेकंदाला एक गोष्ट टिपतो असं धरलं, तर ३५ दिवसांत दहा लाख गोष्टी होतात. म्हणजे ‘लाखात नाही, दहा लाखांत एखादा’ असा चमत्कार महिन्याभरात एकदा घडणारच. मावशीची आठवण काढली आणि तिचा फोन वाजला, हे लक्षात राहतं. आठवण काढली आणि फोन आला नाही, त्याची नोंद कोण ठेवतो?

इतिहासात मात्र लेखकाने फारच हात सैल सोडलाय. हस्तलिखित अरामी भाषेत आहे. ती पश्चिम आशियाची भाषा, आणि इसवी सनापूर्वी ६०० मध्ये पेरूत चाविन संस्कृती नांदत होती, तिला लिपीच नव्हती. कादंबरीत भग्नावशेष आहेत ते माया लोकांचे. त्यांचा मुलूख ग्वातेमाला, युकातान, बेलीझ, होंडुरासचा पश्चिम भाग, लिमापासून तीन हजार किलोमीटरहून दूर. हे माया आपली कंपनं वाढवत नेऊन सदेह अदृश्य झाले, असं नववा साक्षात्कार सांगतो. दक्षिणेकडची त्यांची मोठी शहरं ओस पडली हे खरं, पण ती इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकात. युकातानमधल्या चिचनकानाब तळ्याच्या गाळात त्या काळातल्या दुष्काळांच्या खुणा सापडतात, शिवाय आपसातली युद्धंही होती. माणसं तिथून हलली, इतरत्र वसली. आज त्यांचे लाखो वंशज मेक्सिको आणि ग्वातेमालात शेती करतात, माया भाषा बोलतात. त्यांच्यातलीच किचे माया समाजाची रिगोबेर्ता मेंचू १९९२ मध्ये शांततेचं नोबेल घ्यायला ऑस्लोला गेली होती, ही कादंबरी छापून येण्याच्या आदल्याच वर्षी.