बोलोन्यातील एक दिवस

बोलोन्या ही उत्तर इटलीतील एमिल्या-रोमान्या प्रदेशाची राजधानी. फ्लॉरेन्स-व्हेनिसच्या घाईत अनेक पर्यटक हे शहर वगळतात, ही खेदाची गोष्ट आहे. कला, वास्तू आणि जेवण इथे इतके जवळजवळ आहे की सारा दिवस पायीच काढावा.

शहराची खरी ओळख म्हणजे पोर्टिको, अर्थात घरांपुढच्या कमानदार ओसऱ्या. मध्ययुगात विद्यापीठामुळे वस्ती वाढली, तेव्हा लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खाली खांबांचा आधार दिला. १२८८ च्या नियमाने नव्या घरांना अशी ओसरी सक्तीची झाली. जागा मालकाची, डागडुजीही त्याचीच, पण वाट सर्वांची! घोडेस्वार जाऊ शकेल इतकी उंचीही ठरलेली होती. आज या ओसऱ्यांची एकूण लांबी सुमारे ६२ किमी भरते. २०२१ मध्ये त्यांतील निवडक भागांना युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. स्त्रादा माज्जोरे रस्त्यावरील कासा इसोलानीचे उंच लाकडी खांब आवर्जून पाहावेत, कारण पुढे बहुतेक ठिकाणी लाकडाची जागा विटा-दगडांनी घेतली.

पियाझ्झा माज्जोरे चौकातील सान पेत्रोनिओ चर्चचे बांधकाम १३९० मध्ये सुरू झाले, पण दर्शनी भाग अर्धवटच राहिला: खाली संगमरवर, वर उघड्या विटा. आत खगोलशास्त्रज्ञ कासिनीने १६५५ मध्ये जमिनीवर आखलेली मध्यान्हरेषा आहे. छतातल्या छिद्रातून आलेला सूर्याचा कवडसा भर दुपारी तिच्यावरून सरकतो.

जवळच्या सांता मारिया देल्ला व्हिता चर्चमध्ये निक्कोलो देल्लार्काची पंधराव्या शतकातील मातीची भाजलेली शिल्पे आहेत. मृत ख्रिस्ताकडे धावत येणारी त्याची शिष्या मेरी मग्दालिया, मागे उडणारे तिचे वस्त्र आणि आक्रोशाने उघडलेले तोंड. हा आकांत पाहिल्याशिवाय बोलोन्या सोडू नये.

तिथून बाहेर पडताच क्वाद्रिलातेरो या जुन्या बाजारपेठेच्या गल्ल्यांत मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचे जाड सॉसेज) आणि चीजची दुकाने लागतात. जगभर मिळणारी ‘स्पगेटी बोलोन्येझ’ ही इथली परंपरा नव्हे. इथे मंद आचेवर शिजलेला मांसाचा रागू (दाट सॉस) ताल्यातेल्ले या रुंद, चपट्या पट्ट्यांच्या पास्त्यावर वाढतात. शिजलेल्या पट्टीची रुंदी ८ मिमी, असे मोजमाप १९७२ मध्ये स्थानिक व्यापार मंडळात नोंदवले गेले. तोर्तेल्लीनी हे सारण भरलेले छोटे पास्ते मांसाच्या सारात येतात; शाकाहारींनी रिकोटा चीज भरलेले, लोणी आणि सेज या सुगंधी पानांमधले मोठे तोर्तेल्लोनी मागावेत.

पायांत बळ उरले असल्यास सारागोझ्झा वेशीपासून सान लुका चर्चच्या टेकडीवर चढावे. १६७४ पासून बांधलेल्या या वाटेवर ६६६ कमानी असून जवळपास चार किमीचा प्रवास पूर्ण छताखालून होतो.