कोकणकन्येआधीचा एकशेदहा वर्षांचा वळसा

चतुर्थीला गोव्यात गावी यायचं तर तिकीट कोकणकन्येचंच, असं मुंबईतला पेडणेकर, बार्देशकर आज सहज म्हणतो. रात्री अकराच्या सुमारास सीएसएमटीहून गाडी सुटते आणि सकाळी पेडणे, थिवी, करमळी करत मडगावला पोहोचते. पण गोव्यात आगगाडी १८८८ सालापासून आहे. मग मुंबईकडे जाणारी ही सरळ वाट उघडायला १९९८ का उजाडावं लागलं?

याचं उत्तर १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज करारात सापडतं. रेल्वे हवी होती ती मुरगाव बंदरासाठी. घाटावरचा माल समुद्रापर्यंत आणायचा, एवढाच हेतू. म्हणून रूळ पडले ते पूर्वेकडे: मुरगाव, मडगाव, सावर्डे, कुळे आणि दूधसागरच्या कड्यावरून कॅसलरॉक. याच करारान्वये गोव्याच्या मिठावर इंग्रजांचं नियंत्रण आलं आणि आपले मिठागरवाले भरडले गेले. पेडणे, बार्देश, डिचोली, सत्तरी या तालुक्यांत मात्र रुळाचा तुकडाही पडला नाही. पुढे १९५५ साली भारताने नाकेबंदी केली आणि सरहद्दीवरची गाडीही थांबली; ती पुन्हा सुरू झाली गोवा मुक्तीनंतर.

मुंबईला जायचं तर बोट होती. भाऊच्या धक्क्यावरून निघून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले घेत पणजीला लागणारी. पावसाळ्यात तीही बंद, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ती कायमचीच गेली. रेल्वेने जाणाऱ्याला मिरजेचा वळसा. पुणे-मिरज मार्ग १९७१ साली ब्रॉडगेज म्हणजे रुंद रुळांचा झाला, पण मिरजेच्या पुढे अरुंद मीटर गेजच. त्यामुळे ट्रंका, बोचकी, पोरं घेऊन मिरजेला उतरायचं, गाडी बदलायची, मग लोंढा आणि घाट. मडगावला पोहोचल्यावर पेडण्याच्या माणसाला पुन्हा अर्धा गोवा ओलांडायचा. त्यापेक्षा कशेडी घाटातून हाडं खिळखिळी करणारी रात्रीची बस लोकांना परवडायची.

किनाऱ्याने रेल्वे नेण्याचं स्वप्न जुनंच होतं. मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी ते नेटाने पुढे रेटलं. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं, सूत्रं रेल्वे अभियंते ई. श्रीधरन यांच्याकडे आली. रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. बाकीचा पैसा रोख्यांतून. गोव्यात मार्गावरून मोठा वाद पेटला. खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतीत, भराव पडला तर पाण्याची वाट अडेल, जुने गोवे या ठिकाणच्या वारशाला धक्का लागेल, अशी लोकांची भीती होती. ती खोटी होती असं मी म्हणणार नाही; खाजन एकदा बिघडलं की शेतकऱ्याच्या दोन पिढ्या जातात. त्या वादात काम काही काळ रखडलंही.

शेवटपर्यंत छळलं ते पेडण्याच्या बोगद्याने. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा कातळातून निघाला, पण पेडण्याचा डोंगर मऊ, पाण्याने भिजलेला. खणावं तितकी माती खाली यायची. इथे मजुरांचे जीव गेले आहेत, हे त्या काळोखातून जाताना आठवावं. २६ जानेवारी १९९८ रोजी अखेर अख्खा मार्ग खुला झाला आणि पुढे कोकणकन्या रात्रीची, मांडवी दिवसाची, अशी जोडी रुळली.

नंतरचे बदल झपाट्याचे: २०१९ साली नव्या बनावटीचे एलएचबी डबे, २०२२ साली संपूर्ण मार्गाचं विद्युतीकरण आणि कोकणकन्येला सुपरफास्टचा दर्जा. पेडण्याच्या डोंगराने मात्र स्वभाव सोडलेला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये बोगद्याची भिंत ढासळली, जुलै २०२४ मध्ये आत पाणी आणि चिखल आला. दोन्ही वेळा लांब पल्ल्याच्या गाड्या पुणे, मिरज, लोंढामार्गे वळवाव्या लागल्या. रोहा ते वीर दुहेरी मार्ग झाला, पण पुढे गोव्यापर्यंतचा बहुतेक मार्ग अजून एकेरीच आहे, आणि चतुर्थीच्या जादा गाड्यांना समोरच्या गाडीला वाट देत तासन्‌तास क्रॉसिंगला थांबावं लागतं ते त्यामुळेच.