घसरलेला शेअर म्हणजे स्वस्त शेअर नव्हे

‘शेअर उच्चांकावरून निम्म्यावर आला, म्हणजे तो आता स्वस्त झाला,’ हा समज नागपुरात धरमपेठेपासून इतवारीपर्यंत वर्षानुवर्षे ऐकू येतो आणि तंत्रज्ञान कंपन्यांच्या बाबतीत तो विशेष महागात पडतो. जुना उच्चांक हा मूल्याचा पुरावा नसतो. मुळात तोच भाव फुगलेला असू शकतो. समजा, 1,000 रुपयांच्या शेअरमागे वार्षिक नफा 20 रुपये होता, म्हणजे भाव नफ्याच्या 50 पट होता. आता भाव 600 वर आला, पण नफाही 10 रुपयांवर घसरला, तर हेच गुणोत्तर 60 होते आणि 40 टक्के पडझडीनंतरही शेअर पूर्वीपेक्षा महाग ठरतो. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा भाव उतरला, तरी आपण आधी फळ पाहतोच. पेटीएमचा शेअर 18 नोव्हेंबर 2021 रोजी शेअर बाजारात प्रथमच दाखल झाला आणि पहिल्या जाहीर विक्रीतील (आयपीओ) 2,150 रुपयांच्या किमतीवरून त्याच दिवशी सुमारे 1,560 वर आला. तेव्हा तो स्वस्त समजून घेणाऱ्यांनी सुमारे वर्षभरात 500 रुपयांखालचा भाव पाहिला. कंपनी तोट्यात असल्याने तिथे नफ्याचे गुणोत्तर लागूच पडत नव्हते. अशा वेळी महसुलाच्या तुलनेत भाव किती आहे आणि हातातील रोकड किती वेगाने संपते आहे, हे तपासावे लागते. नफा टिकून केवळ भाव उतरला असेल, तर मात्र शेअर खरोखर स्वस्त झालेला असू शकतो.