'अपूर्णांक' शोधायला इतका वेळ का लागतो?

ओळखीचे एक गणिताचे सर सहावी ते दहावीच्या नोट्स आणि प्रश्नपत्रिका स्वतःच्या संकेतस्थळावर टाकतात. परवा त्यांचा फोन आला. "शोधपेटीत 'अपूर्णांक' टाकलं की चहा होईपर्यंत चाक फिरत राहतं. पानं वाढली ना! मोठा सर्व्हर घेऊ का?" कुणीतरी त्यांना 'एआय बसवा' असंही सुचवलं होतं. दुखणं कुठलं ते न बघता एआय बसवणं आणि सर्व्हरपुढे नारळ फोडणं, दोन्हींचा गुण सारखाच.

आत पाहिलं तर प्रत्येक शोधाला डेटाबेस एकूण एक पान पहिल्या अक्षरापासून वाचत होता. पानं दुप्पट झाली की कामही दुप्पट.

जाड पुस्तकात आपण असं करतो का? शेवटची सूची उघडतो. संगणकातही तशीच सूची करतात, तिला इन्व्हर्टेड इंडेक्स म्हणतात. पानात कुठले शब्द आहेत हे नोंदवायच्या ऐवजी शब्द कुठल्या पानांत आहे हे नोंदवायचं. सूचीत 1,00,000 शब्द अकारविल्हे लावलेले असले, तर दर खेपेला निम्मे बाद करत गेल्यावर हवा तो शब्द फार तर 17 पायऱ्यांत हाती लागतो. शब्द दुप्पट झाले तर 18.

खरी गंमत पुढे आहे. 'अपूर्णांक सहावी' असं शोधलं, समजा. 'अपूर्णांक' 3, 9, 14, 27, 41 या पानांवर आहे आणि 'सहावी' 5, 9, 20, 41, 60 वर. दोन्ही याद्यांच्या सुरुवातीला एकेक बोट ठेवा. ज्या बोटाखालचा आकडा लहान, ते पुढे सरकवा. 3 लहान, म्हणून ते बोट 9 वर. आता 5 लहान, तेही 9 वर. जुळलं! असंच पुढे गेलं की 41. कुठलंही बोट मागे येत नाही, आणि एकही पान उघडावं लागत नाही. शिवाय 3, 9, 14 लिहिण्याऐवजी नुसती अंतरं, 3, 6, 5, लिहिली तर लहान आकड्यांना जागाही कमी लागते.

सापडलेल्यांत वर कुठलं पान दाखवायचं? केंब्रिजच्या संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी 1972 मध्ये सुचवलं, की शब्द जितका दुर्मीळ तितकं त्याचं वजन जास्त. एकूण पानं भागिले तो शब्द असलेली पानं, त्याचा लॉग, म्हणजे पायाचा कितवा घात केला की तो भागाकार येतो तो आकडा. 1,00,000 पानांपैकी 100 पानांत असलेल्या शब्दाला, पाया 10 धरून, 3 मिळतात. सगळ्याच पानांत असलेल्या 'आहे'ला शून्य.

मराठीत मात्र सूची करतानाच घाम फुटतो. 'अपूर्णांकाची', 'अपूर्णांकांना', 'अपूर्णांकाने' हे सगळे एकाच नोंदीखाली हवेत, म्हणून प्रत्यय छाटावे लागतात. सरसकट छाटले तर 'सोने'चं 'सो' होतं आणि 'कला'चा 'क'. त्यामुळे अपवादांची यादी हाताने करावी लागते.

सूची केल्यावर सरांचा शोध चुटकीसरशी होऊ लागला. तरी आठवीच्या जुन्या नोट्स काही केल्या सापडेनात. त्या युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधीच्या फॉन्टमधल्या निघाल्या. पडद्यावर 'त्रिकोण' दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. सर आता रोज रात्री जेवण झालं की त्यातली दोन-दोन पानं पुन्हा टाइप करतात.