शून्य म्हणजे कोरडी की काठोकाठ?

धाराशिव जिल्ह्यातल्या विहिरींची पाणीपातळी वर्षभर मोजणारा एक विद्यार्थी मध्यंतरी लॅपटॉप घेऊन आला. आलेखात ऐन मे महिन्यात विहिरी तुडुंब, ऑक्टोबरात खडखडाट! मराठवाड्यात मे असा उगवला तर टँकरवाल्यांनी दुसरा धंदा बघावा.

घोळ तारखेत होता. त्यानं ५ ऑक्टोबर म्हणून ०५/१०/२०२३ लिहिलं. लॅपटॉपची मांडणी अमेरिकन, म्हणजे आधी महिना. झाली १० मे. बारा तारखेनंतरच्या नोंदी तर आलेखात आल्याच नाहीत, कारण तेरावा महिना नसल्यामुळे एक्सेलनं त्या नुसता मजकूर म्हणून सोडून दिल्या. या एक्सेलपायी मानवी जनुकांचीही नावं बदलावी लागली आहेत. 'मार्च१' नावाच्या जनुकाची ते १ मार्च ही तारीख करून टाकायचं, म्हणून २०२० साली नामकरण समितीनं त्याचं 'मार्चएफ१' केलं. आपल्याला एवढं करायला नको. २०२३-१०-०५ असं वर्ष, महिना, दिवस या क्रमानं लिहावं. फाइलींच्या नावांतही अशीच तारीख घातली की त्या आपोआप रांगेत लागतात.

पुढचा रकाना पाहिला. कोरड्या विहिरीपुढे त्यानं ० लिहिलं होतं. पण मोजमाप वरून खाली, पाणी किती खोलवर लागलं याचं. तिथं ० म्हणजे पाणी काठोकाठ! ज्या दिवशी गेलाच नाही, तिथंही ०. आणि वरून म्हणजे कुठून, कठड्यावरून की जमिनीपासून? पोरगा गप्प. म्हणून आकड्यांच्या शेजारी एक साधी मजकुराची फाइल हवी: कुठला रकाना कशाचा, एकक काय, मोजलं कुठून, 'कोरडी' आणि 'मोजली नाही' कसं लिहिलंय.

सगळा डेटा एका पेन ड्राइव्हवर होता, हे ऐकून मीच पाणी प्यायलो. प्रती तीन हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. लॅपटॉप आणि हार्ड डिस्क एकाच पिशवीत घालून एसटीनं फिरणाऱ्याकडे खरं तर एकच प्रत असते. क्लाउडवर आपोआप जुळणारं फोल्डरही पुरत नाही. इथं खोडलं की तिथलंही जातं. मूळ फाइल 'फक्त वाचण्यासाठी' करून बाजूला ठेवावी, आकडेमोड तिच्या प्रतीवर करावी.

शेतकऱ्यांची नावं मात्र त्यानं शहाण्यासारखी काढून टाकली होती. गट नंबर ठेवला होता! गाव आणि गट नंबर टाकला की ऑनलाइन सातबाऱ्यावर मालकाचं नाव हजर. विहिरींना 'वि०१', 'वि०२' असे संकेत द्यायला लावले, आणि कोणता संकेत कुणाचा ही यादी पासवर्डच्या कुलपात, वेगळ्या जागी.

कठड्याचा प्रश्न तेवढा उरला. पुढच्या रविवारी तो टेप घेऊन गावोगाव उंची मोजत फिरला. दोन विहिरींचे कठडे मधल्या काळात ढासळले होते.