'अनसॉलिसिटेड' : नको असलेले की न मागितलेले?

दारात पार्सल येते. आपण काही मागवलेले नसते, पण नाव-पत्ता आपलाच. थोड्या दिवसांनी मागोमाग बिल : वस्तू परत केली नाहीत, तेव्हा पैसे भरा. टपालाने माल खपवण्याची ही रीत ब्रिटनमध्ये इतकी बोकाळली की १९७१ साली 'अनसॉलिसिटेड गुड्स अँड सर्व्हिसेस अ‍ॅक्ट' करावा लागला. पाठवणाऱ्याने सहा महिन्यांत वस्तू परत नेली नाही, तर त्या कायद्याने ती घेणाऱ्याची ठरे. अमेरिकेने १९७० सालीच असा माल थेट भेट ठरवला होता.

शब्द मात्र बराच जुना. लॅटिन 'सॉलिसिटारे' म्हणजे हलवणे, ढवळणे, अस्वस्थ करणे. फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या 'सॉलिसिट'चा अर्थ झाला आर्जव करणे, गळ घालणे. 'सॉलिसिटर'ही त्याच कुळातला. शेक्सपिअरच्या 'टायटस अँड्रॉनिकस'मध्ये (छापील प्रत १५९४ची) न्यायासाठी कासावीस झालेला टायटस देवांच्या नावाची पत्रे बाणांना बांधून आकाशात सोडतो आणि म्हणतो, आता एकही देव 'अनसॉलिसिटेड' उरला नाही. इथे अर्थ आहे 'ज्याला साकडे घातलेले नाही असा'. आज हे विशेषण मागितल्याशिवाय येणाऱ्या गोष्टीला लागते : सल्ला, हस्तलिखित, जाहिरात. ३ मे १९७८ रोजी अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या अमेरिकी संगणक-जाळ्यावर, सुमारे ४०० जणांना एका संगणक कंपनीची जाहिरात गेली. तीच पहिली स्पॅम मानतात, आणि स्पॅमच्या व्याख्येत हा शब्द हमखास असतो.

मराठीत त्याला सरसकट 'अवांछित' म्हणतात, ते मला पटत नाही. अवांछित म्हणजे नकोसे. इंग्रजी शब्द आवडीनिवडीबद्दल काहीच सांगत नाही; कुणी न मागता केलेली स्तुतीही 'अनसॉलिसिटेड'च, आणि म्हणूनच ती जास्त खरी वाटते. आपल्याकडे याला दोन सुरेख शब्द आहेत. अनाहूत, म्हणजे न बोलावलेला. सल्ल्याला आणि पाहुण्याला तो चपखल बसतो. दुसरा अयाचित. मनुस्मृतीत मागून मिळालेल्या भिक्षेला 'मृत' म्हटले आहे आणि अयाचित मिळालेल्याला 'अमृत'. कौतुकासाठी, मदतीसाठी हाच शब्द हवा. मालाला साधे 'न मागवलेला' पुरते.

पार्सलमधली वस्तू उघडताक्षणी आवडली, तरी ब्रिटनच्या त्या कायद्याला फरक पडत नव्हता. त्याचा प्रश्न एकच होता : तुम्ही ती मागवली होती का?